पाद्र्याचा झगा एकटा जाणार नाही

संपादकांनी निरोप धाडलाय, "धंद्यातल्या गमतीजमती लिहा, वाद मात्र नको." घ्या! वाद काढून टाकला तर माझ्या धंद्यात उरतं काय? जुने कपडे आणि डांबराच्या गोळ्या. मी गंमत लिहितो, वादही लिहितो. पटलं तर छापा, नाहीतर परत पाठवा, मला राग नाही.

मी कोल्हापुरात नाटकाचे कपडे भाड्यानं देत होतो. ह्या धंद्याला आमच्याकडं ड्रेपरी म्हणतात आणि सगळी पेठ मला ड्रेपरीवाला शामू म्हणायची. महाद्वारच्या मागच्या बोळात माझं दुकान. पुढं काचेच्या कपाटात मुकुट, आत ट्रंका, वर माळ्यावर रावणाची डोकी. राजा, ऋषी, हवालदार, यम, सगळे घड्या घालून पडलेले. गावोगावच्या यात्रांत नाटकं व्हायची, गणपतीत मेळे निघायचे, आणि दोन्हींचे कारभारी माझ्या पायरीवर येऊन बसायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कपडे धुवायचे, भाड्यानं द्यायचे, ह्यात काय मोठंसं? अहो, राजाचा अंगरखा पाठीमागून उघडा असतो हे किती जणांना ठाऊक आहे? पुढून मखमल आणि जर, मागं मांजरपाट आणि बांधायला बंद. कारण गावच्या नाटकात राजा कोण होणार हे अंगकाठीवरून ठरत नाही, वर्गणी जास्त कुणी दिली त्यावरून ठरतं. तो दोन माणसांएवढा पाटलाचा मुलगा असेल, नाहीतर सावकाराचा काडीपैलवान. बंद सैल सोडले की पहिला मावतो, आवळले की दुसरा. राजानं लोकांना पाठ मात्र दाखवायची नाही. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचो, "पावणं, राजानं मागं सरकत सरकत विंगेत जायचं. वळला की राज्य गेलं."

बावड्याच्या एकानं हे ऐकून घेतलं आणि मान डोलावून अंगरखा नेला. नाटकाला नव्हे, स्वतःच्या लग्नाला! वरातीत घोड्यावर बसला. पुढून बघणारे म्हणाले, वा, काय रुबाब! आणि घोड्याच्या मागून चालणाऱ्या सगळ्या वऱ्हाडाला बनियन दिसत होता. परत द्यायला आला तेव्हा माझ्यावरच चिडला. "मागनं कापड का न्हाय लावलं?" म्हटलं, बाबा रे, तू घोड्याला मागं सरकवत न्यायचास की!

गडहिंग्लजकडचा एक कारभारी रावण घेऊन गेला आणि एक डोकं कमी घेऊन आला. कागदाचा लगदा आणि खळीचं डोकं ते, म्हशीनं खाल्लं म्हणाला. मी भांडायला उठलो तर तो शांतपणे म्हणतो, "अण्णा, म्हस तरी बघितलीसा का? ती बी धाच्या धा डोकी खाल्ल्यागत फुगलीया." उरलेली नऊ डोकी मी मोजून घेतली.

दाढ्या आणि केसांचे टोप हुसेनचाचा करायचे. चाचा माझ्याहून वयानं मोठे, दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काम करायचे आणि बोलायचे कमी. मलमलीच्या पट्टीवर केसांची एकेक बट गाठत न्यायची, पांढरी तागाची, काळी लोकरीची. त्यांच्या हातची दाढी चिकटवली की नटानं बेंबीच्या देठापासून ओरडावं, ती जागची हलायची नाही. एकच पांढरी दाढी ह्या आठवड्यात विश्वामित्र आणि पुढच्या आठवड्यात मौलवी. गिऱ्हाइकांना कळायचं नाही आणि आम्ही सांगायचो नाही.

आता वाद.

मी ख्रिस्ती. बाप्तिस्म्यातलं नाव शामुवेल. माझे वडील मिशनचे उपदेशक होते. उपदेशक म्हणजे काय, तर बाजारच्या दिवशी गडहिंग्लजला, कागलला, जिथं माणसं जमतील तिथं जायचं, झाडाखाली पेटी वाजवायची, चित्रांची गुंडाळी उलगडायची आणि येशूची गोष्ट सांगायची. धोतर, काळा गळाबंद कोट, डोक्याला पटका, पायात वहाणा. लहानपणी मोडलेलं हाड नीट बसलं नव्हतं म्हणून डावा पाय ओढत चालायचे. आवाज असा की बाजाराच्या ह्या टोकाला बोलले तर त्या टोकाची कोंबडी दचकावी. बाबांनी आयुष्यात झगा घातला नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, झगा घालायची रीतच नव्हती.

इंग्रज साहेब होता तोवर गावात मिशनविषयी कुणी चकार शब्द काढत नसे. बाबांच्या मागून पोरं ओरडायची तेवढीच. साहेब गेला, पाठोपाठ संस्थानही विलीन झालं, आणि एकाएकी सगळ्यांच्या जिभेला हाड उरलं नाही. ज्यांच्या घरची बाळंतपणं मिशनच्या दवाखान्यात झाली, ते व्याख्यानं देऊ लागले की मिशन म्हणजे साहेबाची मागं राहिलेली शेपटी. मिशनवर टीका करू नये असं मी कधी म्हटलं नाही. मिशनच्या साहेबांचा तोरा आम्हीच जास्त सोसलाय. चाळीस वर्षं चाकरी करून बाबांना त्या बंगल्याच्या व्हरांड्यापलीकडं खुर्ची मिळाली नाही. पण साहेब समोर उभा असताना ज्यांनी वाकून सलाम केले, त्यांनी तो बोटीत बसल्यावर आमच्या म्हाताऱ्यावर शौर्य दाखवावं, ह्याला काय म्हणायचं?

मेळा म्हणजे गणपतीपुढं गाणी आणि सोंगं करणारी मंडळी. पेठेतल्या एका तालमीच्या मेळ्यानं 'पाद्रीबुवा' नावाचं सोंग बसवलं. काळा झगा, गळ्यात हा एवढा क्रूस, साहेबासारखी बोबडी मराठी, हातात तांदळाची पिशवी. "टांडूळ घे, नाव डे!" पहिल्या वर्षी लोक पोट धरून हसले. दुसऱ्या वर्षी त्या पाद्रीबुवानं डावा पाय ओढायला सुरुवात केली.

माझ्या बापाचा पाय.

झगा माझ्याकडचाच होता, एका फिरंगी सरदाराच्या नाटकातल्या पाद्र्यासाठी शिवलेला. तिसऱ्या वर्षी गणपतीच्या आधी मी दुकानात पाटी लावली, 'पाद्र्याचा झगा एकटा मिळणार नाही.' झगा, मौलवीची शेरवानी आणि भटजीचं सोवळं-उपरणं, तिन्हींचं मिळून एक गाठोडं बांधलं. न्यायचं तर तिन्ही न्या, आणि नेलंत तर तिन्ही सोंगं करा. नाहीतर पाद्रीही नाही. दुसरा झगा मिळणार तो थेट सांगलीला, आणि गणपती तर तोंडावर आलेले.

तालमीचे दत्तोबा वस्ताद स्वतः आले. वस्ताद म्हणजे मातीतला माणूस, पेठेत त्यांचा शब्द खाली पडायचा नाही. पायरीवर बसले, पाटी वाचली आणि हसले.

"शामू, ही काय भानगड हाय?"

"नियम हाय वस्ताद. तिन्ही घेऊन जावा."

"भटजीचं सोंग आमी नेमानं करतोय. त्येची काय कमी न्हाय. पर मौलवी कशाला मदी?"

"पाद्री कशाला मधी?"

"आरं, तसं न्हवं. आपल्या तालमीत गणपती बसतो तितंच मोहरमात पिराचं पंजं बसत्यात. मी सोता फकीर हुतोय, दंडाला हिरवा दोरा बांधतोय. पिराची टवाळी केली तर माजी आई मला घरात घील व्हय?"

हे खरं होतं. कोल्हापुरात तालमी अशाच. पंजाच्या मिरवणुकीत मराठे पुढं आणि गणपतीच्या मिरवणुकीत ताशा मुसलमानाचा. मला ते आवडायचं, आजही आवडतं. पण मी त्या दिवशी पेटलो होतो.

"पिराची टवाळी कोण म्हणतंय? मौलवीची करा. तुमच्या मेळ्यात देवाची टवाळी होत न्हाय, भटजीची होते. मग मौलवीनं काय पुण्य केलंय आणि पाद्र्यानं काय पाप?"

"हुसेन आमचा हाय रं."

"आणि मी?"

"तू बी आमचाच की. पर तुजा धर्म सायबाचा."

"साहेब होता तेव्हा का न्हाय बोललासा? तेव्हा तर रेसिडेंटसाहेबाची बग्गी दिसली की अख्खी तालीम रस्त्याच्या कडंला उभी! तेव्हा पाद्री म्हणजे 'पाद्रीसाहेब' होता. आता साहेब गेला, मागं कुणी येणार न्हाय, मग मारा त्या लंगड्या म्हाताऱ्याला. ह्याला पैलवानकी म्हणत्यात व्हय?"

पैलवानाला हे बोलणं म्हणजे कानफटात मारणंच. वस्ताद उठून उभे राहिले. मला वाटलं, आता काचेचं कपाट गेलं. पण ते खालच्या आवाजात बोलले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट.

"पैलवानकी शिकवतोस? तुज्या बापानं चाळीस वर्षं भर बाजारात उभं ऱ्हाऊन आमच्या देवाला दगड म्हटलं. आमी ऐकून घेतलं, वर पाणी पाजलं. त्येनं मशिदीम्होरं कवा पेटी वाजीवली, सांग की! दर्ग्याच्या दारात कवा ती चित्रं उलगडली? तिथं का न्हाय बोलला तुजा बाप?"

उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, तसा चढला. "ते मला ठाऊक न्हाय! झगा एकटा जाणार न्हाय म्हणजे न्हाय!"

वस्ताद गेले. मी मागं वळलो तर हुसेनचाचा मागच्या खोलीच्या दारात उभे, अर्धी दाढी हातात तशीच.

"मला कुणी इच्यारलं का?" ते म्हणाले.

"काय?"

"तू म्हणतोस मौलवीची टवाळी करा. ते म्हणत्यात करणार न्हाय. माझ्या मौलवीवरनं दोघं भांडतायसा आन् मी मागं बसून बटा गाठतोय. मला इच्यारलं का कुणी?"

म्हटलं, "चाचा, मी तुमच्या वाइटावर न्हाय. मी म्हणतोय, न्याय एकच असावा. तुम्हाला ते सांभाळून घेत्यात, आम्हाला का न्हाय?"

"सांभाळून घेत्यात?" चाचा हसले, पण ते हसू मला आवडलं नाही. "तुला स्टेजवर बोलत्यात शामू, मला कानात बोलत्यात. फाळणी झाल्यापास्नं रोज कुणीतरी जाता जाता इच्यारतंय, चाचा, पाकिस्तानात कवा निघालासा? हसून इच्यारतंय. वस्ताद न्हाय इच्यारत, त्यो चांगला हाय. पर त्येच्या तालमीतली पोरं इच्यारत्यात. तुजी टवाळी चव्हाट्यावर हुती, माजी दाराआड."

"मग येऊ दे की चव्हाट्यावर! समोर बोललं तर समोर उत्तर देता येतंय. कानातल्याला काय उत्तर देणार?"

"तू दे उत्तर. तुला जमतंय. माज्या लेकीबाळींना त्याच गल्लीत ऱ्हायाचं हाय."

त्यांनी अर्धी दाढी माझ्या गल्ल्यावर ठेवली, टोपी घातली आणि निघून गेले. ऐन हंगामात! दाढ्या राहिल्या, टोप राहिले, आणि मी एकटा ट्रंकांच्या मधे. खरं सांगतो, दाढ्यांचं दुःख नव्हतं. वस्तादांना मी उत्तर देऊ शकलो नाही आणि चाचांनाही नाही. ज्या म्हाताऱ्यासाठी भांडायला निघालो होतो, तो दोनच दिवसांत सगळ्या पेठेसमोर पुन्हा लंगडत, बोबडं बोलत फिरणार होता. झगा नाही दिला तर पोरं काळं लुगडं गुंडाळतील, कुठं अडतंय?

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते अंगणात वहाणेला तेल लावत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, वस्ताद म्हणतात ते खरं का? मशिदीपुढं कधीच का नाही बोललात?"

त्यांनी वहाण खाली ठेवली.

"खरं हाय."

"का पण?"

"मिशनच्या सायबाचा हुकूम हुता. तिथं जायाचं न्हाय, दंगा हुईल, रेसिडेंटाला जबाब द्यावा लागंल. आन् खरं सांगू का? हुकूम नसता तरी गेलो नसतो. भ्या वाटायचं. मराठ्याचं कसं, त्यो शिवी देतो, लईच झालं तर खडा मारतो आन् मग इच्यारतो, पाणी पायजे का बाबा? तितं कसं हुईल ते मला ठावं न्हवतं. जितं हिंमत चालली तितं बोललो. दत्तोबा बरोबर बोलला."

माझं डोकंच फिरलं. "मग काय, आता गप्प बसायचं? त्यांनी बोट दाखवलं आणि तुम्ही चुकलात, म्हणून तुमचा पाय ओढून दाखवू दे त्यांना?"

"गप्प बसायचं कोण म्हणतंय?" बाबा उठले, खुंटीवरचा काळा कोट काढला. "शामू, माजी नक्कल करत्यात याचा मला राग न्हाय. मी बी येशूची गोष्ट सांगताना परुश्यांच्या, म्हंजी तितल्या शास्त्र्यापंडितांच्या, नकला करून लोकांना हसवलंय. पर ती पोरं माजी नक्कल करत्यातच कुठं? मी कवा झगा घातला? मी कवा 'टुमी' म्हणलो? ह्या मातीतल्या माणसाला सायबाचं कातडं घालायचं आन् मग त्येला साहेब म्हणून हाणायचं, ह्येचा राग येतोय मला. नक्कल करा म्हणावं. माज्या कपड्यात करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आपल्या कपड्यांचं गाठोडं काखोटीला मारून तालमीत गेले. मीही मागोमाग. आखाड्याच्या कडेला वस्ताद उभे होते आणि त्यांचा भाचा बाळू, जो पाद्रीबुवा व्हायचा, तो जोर मारत होता. बाबांनी गाठोडं सोडलं. कोट, धोतर, पटका, वहाणा.

"दत्तोबा, तू काल माज्याबद्दल जे बोललास ते खरं हाय. शामूनं सांगितलं. आता माजं ऐक. सोंग माजंच हाय नव्हं? मग कपडं माजं घे. त्यो फिरंग्याचा झगा नको."

वस्ताद पुढं आले. दारात आलेल्या म्हाताऱ्याला पैलवान नाही कसा म्हणणार? "मामा, तुमी रागावलायसा..." एवढंच बोलले.

"रागावलोय की! म्हणून तर आलोय. बाळू, हिकडं ये. पाय डावा वडायचा, मागल्या साली तू मधेच उजवा वडत हुतास."

बाळूचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मेळ्याच्या दिवशी दिवेलागणीला मी ट्रंका घेऊन तालमीच्या मागच्या खोलीत पोरांची तोंडं रंगवायला बसलो होतो. बाळूनं कोट चढवला, धोतर नेसलं, आणि पटक्याशी अडला. बाबांचा पटका लांबलचक आणि बांधायची तऱ्हा जुनी. मी दोनदा बांधला, दोनदा सुटला. मागून कुणीतरी माझ्या हातातून टोक घेतलं. हुसेनचाचा! त्यांनी पटका बांधला, शेवटचं टोक मागं खोवलं, बाळूची मान डावीउजवीकडं फिरवून बघितली.

"चाचा," मी म्हटलं, "तुम्हाला न विचारता बोललो. चुकलंच."

"दाढ्या राहिल्यात," ते म्हणाले. "सकाळी करतो."

बाहेर तालमीपुढं पेठ लोटली होती. गॅसबत्त्या, पुढं पोरं, एका अंगाला बायका. आणि पहिल्या रांगेत, गणपतीच्या समोर, माझे वडील. मी येऊ नका म्हणालो होतो. ऐकतात होय? माझ्या लग्नातला कोट घालून आले होते, कारण त्यांचा बाळूच्या अंगावर होता.

पेटी वाजली आणि बाळू पाय ओढत आला. पाद्रीबुवा येणार म्हणून लोक आधीच हसायला तयार. पण हसू येईना. धोतर, काळा कोट, पटका. असा म्हातारा तिथं घरटी एक होता. बायकांतून आवाज आला, "आगं बया, ह्यो तर आमच्या मामंजींवाणी दिसतोय!" बाळूनं पाठ केलेलं म्हटलं, "टुमी लोक लय पापी हाय! टांडूळ घे, नाव डे!" त्या पटक्याखालून ते बोबडं बोलणं असं विचित्र वाटलं की मागून कुणीतरी ओरडलं, "जीभ भाजली का रं?" लोक हसले, पण ते बाळूला. बाळू घाबरला. पिशवी उचलून पुन्हा तेच म्हणाला, "टांडूळ घे, नाव डे!"

तेव्हा बाबा उठले.

"थांब बाळू. तांदूळ न्हवता. जोंधळा हुता!"

बाजारातला आवाज तो. पेटीवाल्याचे हात थांबले. लोक आधी हसले, त्यांना वाटलं हाही सोंगाचाच भाग.

"हसा. पर आयका. दुष्काळात माजी आई मला कडंवर घिऊन ह्या गावात आली. पयलं गेली ती देवळाम्होरं. सावली पडंल म्हणून पायरीच्या खालनंच हाकललं. मग मठात गेली. मग पिराच्या दर्ग्यात गेली, तितं जेवण उठलं हुतं, भांडी पालथी पडलेली. वाईट कुणीबी न्हवतं. पर दिलंबी कुणी न्हाय. मिशनातल्या बाईनं जोंधळ्याची भाकरी दिली. देवळानं दिली असती तर देवळाचा झालो असतो. पिरानं दिली असती तर आज ह्या हुसेनाशेजारी नमाज पडलो असतो. भाकरीपायी नाव दिलं म्हणतासा? व्हय, दिलं! आईनं मला मरू द्यायचं व्हतं का? मी तुमच्या देवाला दगड म्हणलो, ते तुमी ऐकून घेतलं. आता माजं ह्ये बी ऐकून घ्या. सायबाचा न्हाय मी. तुमच्याच पायरीखालनं हाकललेला हाय." मग बाळूकडं वळून म्हणाले, "हां, म्हण की आता पुढचं."

बाळूला पुढचं आठवेना. आठवलं असतं तरी म्हटलं नसतं. तो विंगेकडं बघत राहिला. सगळी पेठ गप्प. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी तेवढं बोलली, "खरं हाय बाबा तुजं." वस्तादांनी खाली मान घातली होती. थोड्या वेळानं त्यांनी पेटीवाल्याला खूण केली, आणि गणपतीची आरती आधीच सुरू झाली. बाबाही उभे राहिले. टाळ्या वाजवल्या नाहीत, पण आरती संपेस्तोवर उभे होते.

संपादकमहाराज, तुम्ही म्हणाल, मग पाटी काढली असेल. नाही काढली! दुकान होतं तोवर तशीच होती. मेळेवाले कुरकुरायचे, काही जण गाठोडं न्यायचेही. भटजी आणि पाद्री झकास रंगायचे, मौलवीच्या शेरवानीची घडी मात्र मोडलेली नसायची. मी विचारलं की म्हणायचे, वेळ न्हाय मिळाला. मला कळत होतं कशाला वेळ मिळत नाही ते. साहेब गेल्यावर पाद्र्यावर तोंड सोडणारा आणि मौलवीच्या नावानं जिभेला कुलूप लावून मग चाचांच्या कानाला लागणारा, हा एकच माणूस आहे, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. कुणाला झोंबत असेल तर झोंबू दे.

मेळ्याच्या त्या रात्री घरी निघताना ट्रंकेची एक कडी मी धरली होती, दुसरी हुसेनचाचांनी. बाबा पुढं, काखेत कोट आणि पटका. वस्तादांनी स्वतः दोन्हींची घडी घालून दिली होती. बोळाच्या तोंडाशी बाबा थांबले.

"शामू, तुजा नेम चांगला हाय, पर अर्धा हाय. तिन्ही कपडं न्या म्हणतोस, ते ठीक. ज्येची नक्कल हाय त्येला पयल्या रांगंत बसवा, ह्ये बी त्या पाटीवर लिव्ह. उद्या मौलवीचं सोंग झालं तर हुसेनाला म्होरं बसवायचं. न्हाय पटलं की उठून बोलंल."

मी चाचांकडं बघितलं. त्यांनी ट्रंक खाली ठेवली, हात बदलला. मग म्हणाले, "मी बसंन, मामा. पर मी उठून बोलाय लागलो तर पेठ अशी गप्प बसून ऐकंल का, ते सांगा."

बाबा पाय ओढत पुढं चालू लागले. रात्री जेव्हा जेव्हा मला जाग आली तेव्हा ते अंगणात बसलेलेच दिसले. आणि सकाळी, मी उठायच्या आत, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, बाबा पेटी न घेता, चित्रं न घेता, नुसते पाय ओढत मशिदीकडं निघाले होते. मशिदीच्या दारात हुसेनचाचा उभे होते, पुढचं मला त्यांनीच सांगितलं. बाबा म्हणाले, "बोलाय न्हाय आलो. तुमच्यातली माणसं काय म्हणत्यात ते आयकाय आलोय."